शील आणि नावलौकिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या उपासनेनंतर तरुण मुलामुलींचा बायबलवर्ग भरतो. गेली काही वर्षं तो मी घेतो. एरवी माझं पोट आंबा-काजूच्या बागेवर. वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न याच विषयावर येतात. गाव लहान, ख्रिस्ती घरं मोजकी, कोणाच्या दारात कोणाची गाडी लागली हे संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. अशा ठिकाणी आपलं नाव ही रोज सांभाळायची गोष्ट होऊन बसते. वर्गात, बागेत, बाजारात पुन्हापुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र मांडले आहेत.

शील म्हणजे नेमकं काय? आणि नावलौकिक त्याहून वेगळा कसा?

नावलौकिक म्हणजे लोक आपल्याला काय समजतात ते. तो राहतो लोकांच्या मनात आणि तोंडात, म्हणून तो पूर्णपणे आपल्या हातात कधीच नसतो. शील म्हणजे आपण आतून जसे आहोत ते, म्हणजे देवाला जसे दिसतो तसे. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की संकटातून धीर येतो, धीरातून शील आणि शीलातून आशा. तिथला मूळ ग्रीक शब्द 'दोकिमे'. पारखून, कसाला लावून खरं ठरलेलं, असा त्याचा अर्थ. म्हणजे शील घेऊन कोणी जन्माला येत नाही, ते कस लागून घडतं.

आमच्या मुलांना मी साक्याचं उदाहरण देतो. हापूस बाहेरून देखणा असतो, रंग धरलेला, वास सुटलेला, सालीवर एक डाग नाही. सुरी लावली की कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा भाग दिसतो. चव आंबट, वास बिघडलेला. हा साका. पेटी फोडून कितीही निरखलं तरी सालीवरून तो कळत नाही, फळ कापावंच लागतं. रोगाचा डाग असता तर वरून दिसला असता. साका धरतो तो फळ झाडावर असतानाच, तापलेल्या जमिनीची झळ लागून आणि आतली कोय अवेळी रुजायला लागून. म्हणूनच जाणते बागायतदार झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन करतात आणि फळ पुरतं पिकू न देता चौदा आण्यावर उतरवतात.

शमुवेल इशायाच्या घरी राजा निवडायला गेला तेव्हा थोरल्या अलियाबाची उंची बघून त्याला वाटलं, हाच तो. देवाने त्याला अडवलं: माणूस बाहेरचं रूप बघतो, परमेश्वर हृदय बघतो. लक्षात घ्या, चुकला तो शमुवेल, संदेष्टा. आपण तर सहजच चुकणार.

मग बायबलच्या लेखी नावाला काहीच किंमत नाही का?

आहे, आणि चांगली आहे. 'लोकांचं मला काय, देव मला ओळखतो' असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी नीतिसूत्रांचा बाविसावा अध्याय उघडावा. पहिल्याच वचनात चांगलं नाव हे मोठ्या धनापेक्षा पसंत करावं असं आहे. यरुशलेमेच्या मंडळीने विधवांच्या अन्नवाटपासाठी सात माणसं निवडली, तेव्हा पहिली अट होती ती लोकांत त्यांचं नाव चांगलं असण्याची. मंडळीच्या अध्यक्षाबद्दल बाहेरच्या लोकांचं मतही चांगलं असावं, असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. बाहेरच्या लोकांचं, हे महत्त्वाचं. आपल्या शेजारचा हिंदू दुकानदार, मुसलमान मासळीवाला आपल्याबद्दल काय म्हणतो, याला मंडळीत वजन असलं पाहिजे.

नावाची किंमत आंबेवाल्याला समजावून सांगावी लागत नाही. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. का मिळवावं लागलं? दुसरीकडचा आंबा 'देवगड' छापलेल्या खोक्यात भरून विकला जातो म्हणून. घेणारा फसतो, आणि ज्याने वर्षभर बागेत घाम गाळला त्याचंही नाव जातं. नाव हा विश्वास असतो आणि त्या विश्वासावर समोरचा माणूस पैसे मोजतो. म्हणून त्याची हेळसांड करणं हे शीलालाच धरून नाही.

'तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या' आणि 'धर्माचरण लोकांनी पाहावं म्हणून करू नका', ही दोन्ही वाक्यं येशूच्या एकाच प्रवचनात कशी?

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात पहिलं, सहाव्यात दुसरं. दोन्हीकडे 'लोकांनी बघणं' आहे, पण बघून लोक काय करतात तिथे फरक पडतो. पाचव्यात लोक सत्कर्म बघून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करतात. सहाव्यात माणूस लोकांकडून स्वतःचं गौरव करून घेतो. येशू तिथे तीन गोष्टी नाव घेऊन सांगतो, दानधर्म, प्रार्थना आणि उपास. देवासाठी करायच्या याच तीन गोष्टी, आणि दाखवायला सोप्याही याच.

मी स्वतःला लावून बघतो ती परीक्षा सोपी आहे. केलेली मदत कोणाला कळली नाही, तर मन खट्टू होतं का? झालं, तर त्या मदतीतला काही भाग मी माझ्यासाठीच केला होता.

'चुना लावलेल्या कबरी' असं येशू परुश्यांना का म्हणाला?

या उपमेचा अर्थ कोकणात राहणाऱ्याला पटकन लागावा. आमच्याकडे पावसाळा संपला की दफनभूमीतल्या चिऱ्याच्या कबरींवर शेवाळाचा हिरवा-काळा थर असतो. नोव्हेंबरच्या २ तारखेला मृतांचा स्मरणदिन. त्याआधी घरोघरचे लोक विळे, घासण्या आणि चुन्याची बादली घेऊन जातात, गवत काढतात, दगड घासतात, चुना मारतात. संध्याकाळी मेणबत्त्या लागल्या की सगळी जागा पांढरीशुभ्र दिसते.

येशूच्या देशातही हिवाळी पावसाने जुना चुना धुऊन गेला की वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या मोठ्या सणाच्या, आधी कबरी पुन्हा चुन्याने रंगवत. पण तिथे कारण आणखी एक होतं. कबरीला नकळत स्पर्श झाला तर माणूस विटाळला, म्हणून सणाला येणाऱ्यांना ती लांबून दिसावी. म्हणजे चुना शोभेसाठी होता तितकाच 'इथे मरण आहे, जपून' हे सांगण्यासाठीही. मत्तय २३ मधली ही उपमा म्हणूनच इतकी बोचरी आहे. तुमचा पांढरेपणाच लोकांना सावध करतो, असं जणू येशू त्या परुशी धर्मपुढाऱ्यांना तोंडावर सांगतो.

आपल्या प्रियजनांच्या कबरी आपण प्रेमाने रंगवतो, त्यात काही वावगं नाही. पण दर वर्षी चुन्याचा ब्रश हातात घेतला की हे वचन आठवल्याशिवाय राहत नाही.

खोटा आळ आला तर गप्प बसावं की बोलावं?

याचं उत्तर मी पुस्तकातून शिकलेलो नाही, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका संस्थेचा मी खजिनदार होतो. वर्षअखेरीस ११,००० रुपयांचा मेळ बसेना. कोणी तोंडावर काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. मी मासळीबाजारात गेलो की चाललेली गजाल, म्हणजे गप्पा, थांबायच्या. कोळीण मावशी, जिने माझ्याकडून कधी आगाऊ पैसे मागितले नव्हते, वाटा हातात देण्याआधी नोटेकडे बघायला लागली. चौदा महिने हे चाललं. पहिले तीन महिने मी दिसेल त्याला गाठून खुलासा करत होतो, आणि जितका खुलासा करत होतो तितका जास्त गुन्हेगार दिसत होतो.

शेवटी पावतीपुस्तकं पुन्हा तपासताना एका पुस्तकाची दोन पानं एकमेकांना चिकटलेली सापडली. आपल्या पावसाळ्यात दमट कपाटात कागदाचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला माहीत आहे. सुरीच्या टोकाने पानं सोडवली, आतली पावती जशीच्या तशी होती. पैसे कुठे गेले होते ते कळलं. पण ज्यांनी चौदा महिने कुजबुज केली, त्यांतल्या दोघांनीच येऊन 'चुकलं' म्हटलं.

त्या काळात मी योसेफाची गोष्ट कितीतरी वेळा वाचली. तो ज्याच्या घरी गुलाम होता त्या पोटीफराच्या बायकोने खोटा आळ घेऊन त्याचं वस्त्र पुरावा म्हणून दाखवलं आणि तो तुरुंगात गेला. त्याने मालकासमोर काही सफाई दिल्याचं उत्पत्तीच्या ३९ व्या अध्यायात नाही. पण पुढच्याच अध्यायात, तुरुंगात, तो राजाच्या प्यालेबरदाराला सरळ सांगतो की मला अंधारकोठडीत टाकावं असं मी काही केलेलं नाही. पौलही फिलिप्पैतल्या तुरुंगातून गुपचूप सुटून गेला नाही. चौकशी न करता रोमी नागरिकांना फटके मारले आहेत, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असा त्याने हट्ट धरला. येशू मात्र रोमी सुभेदार पिलातापुढे बहुतेक आरोपांवर गप्प राहिला. म्हणजे गप्प बसणं हाच एक ख्रिस्ती मार्ग, असं नाही.

माझा सल्ला असा. खुलासा एकदा करा, लेखी करा, ज्यांना विचारण्याचा अधिकार आहे त्यांच्यासमोर करा आणि कागद पुढे ठेवा. मग थांबा. प्रत्येक नाक्यावर स्वतःची वकिली करत फिरलात, तर आळापेक्षा तुमची भीतीच मोठी होते. आणि ज्याच्या हातात पैसा आहे त्याने आळ येण्याआधीच काळजी घ्यावी. यहूदियातल्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम पौलाने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली. प्रभूच्याच नव्हे, माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते आम्ही करतो, असं त्याने करिंथकरांना लिहिलं. आता मी कुठलीही दानपेटी एकट्याने उघडत नाही.

पण दोष खरोखरच माझा असेल तर?

तर कबूल करायचा आणि भरून द्यायचा. यातलं दुसरं आपण सोयीने विसरतो.

मी विशीत होतो. आंबा भरायचं काम वडिलांनी पहिल्यांदा माझ्यावर सोपवलं होतं. पाच डझनी पेटी. वरच्या थराला भरदार फळ लावलं, आणि खाली, पेंढ्याच्या आड, बारकं आणि थोडं डागी, जे एरवी कॅनिंगला किलोवर गेलं असतं. सगळेच करतात, असं मी मनाशी म्हटलं. पेटी पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे गेली. आठवड्याने वडिलांना फोन आला. ते मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बागेतलं सगळ्यांत चांगलं फळ काढलं, नवी पेटी माझ्यासमोर भरली, खालच्या थरापासून, एकेक फळ हातात फिरवून. मग ती माझ्या डोक्यावर दिली आणि म्हणाले, "एसटीत ठेव. चिठ्ठी तू लिही."

चिठ्ठी लिहायला मला अख्खी दुपार लागली. 'चूक झाली' असं लिहिलं, ते वडिलांनी खोडायला लावलं. "चूक झाली नाही. तू केलीस."

जक्कय या जकातदाराची गोष्ट आपण मुलांना झाडावर चढलेला बुटका माणूस म्हणून सांगतो. खरा भाग पुढे आहे. ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत देतो, असं तो उभा राहून सांगतो. आणि येशू त्याला तारण मिळाल्याचं सांगतो तेव्हा गावात जक्कयाचं नाव अजून वाईटच असतं.

मंडळीची बदनामी होईल म्हणून एखादं प्रकरण आत मिटवणं योग्य आहे का?

नाही.

हा प्रश्न ज्या ज्या वेळी मला विचारला गेला, त्या प्रत्येक वेळी विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक होतं आणि त्याला ते कोणाकडून तरी ऐकायचं होतं. म्हणून स्पष्ट लिहितो. लहान मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक, कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. फादर असोत, पाळक असोत, शिक्षक असोत की शेजारी, यातून कोणी सुटत नाही, आणि न कळवल्यास शिक्षा आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. आधी प्रार्थना करू, मग वडीलजनांची बैठक घेऊ, मग बघू, असं म्हणण्यात गेलेला प्रत्येक दिवस त्या मुलाच्या विरोधात जातो. पैशाच्या अफरातफरीलाही दडपणं हे उत्तर नाही.

'आपण अल्पसंख्य आहोत, बाहेर कळलं तर लोक तुटून पडतील' ही भीती मला समजते. ती खोटी नाही. पण पवित्र शास्त्रानेच आपल्या मोठ्या माणसांची पापं झाकलेली नाहीत. दावीद राजाने आपल्या सैन्यातल्या उरीयाच्या बायकोबाबत काय केलं आणि उरीयाला कसं मारवलं, ते सगळं लिहिलेलं आहे. मत्तय तर येशूच्या वंशावळीत शलमोनाची आई सांगताना तिचं नाव न घेता 'उरीयाची बायको' म्हणतो, म्हणजे पहिल्याच पानावर ती जखम उघडी ठेवतो. पेत्राने तीनदा नाकारलं हे चारही शुभवर्तमानांत आहे, आणि पेत्र तर मंडळीचा आधारस्तंभ. नाव जपायचं असतं तर ही पानं गाळता आली असती.

उलट जिथे नाव जपलं गेलं तिथे काय झालं, तेही वाचा. हनन्या आणि सप्पीरा यांनी जमीन विकली, काही पैसे ठेवून घेतले. पेत्र हनन्याला सांगतो की जमीन तुझीच होती, पैसेही तुझेच. गुन्हा होता तो सगळं दिल्याचं नाव मिळवण्याचा. आणि प्रकटीकरणात सार्दीसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र: जिवंत म्हणून तुझं नाव आहे, पण तू मेलेली आहेस.

घराण्याच्या अब्रूसाठी मुलींवर जास्त बंधनं घातली जातात. ख्रिस्ती दृष्टीने हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. मुलगा रात्री अकरा वाजता नाक्यावरून आला तर चालतं आणि मुलगी मैत्रिणीकडून साडेसातला आली तर चार लोक काय म्हणतील, हा न्याय बायबलमध्ये कुठेही नाही. आईवडिलांची काळजी मी समजू शकतो, मला मुलगी आहे. पण काळजी मुलीची असते, अब्रू आपली, आणि या दोन्हींची सरमिसळ होते.

मरीयेचा विचार करा. नासरेथसारख्या लहान गावात, मागणी झालेली, लग्नाआधी गरोदर. तारणाची सुरुवातच अशा ठिकाणी झाली, जिथे गाव बोट दाखवणार हे ठरलेलं होतं. तिची मागणी ज्याच्याशी झाली होती त्या योसेफाला खरं काय ते अजून कळलंही नव्हतं, तेव्हासुद्धा त्याला तिची चारचौघांत बेअब्रू करायची नव्हती. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो ते याच वाक्यात. आपल्या घरात कोणावर असा प्रसंग आला, तर घरच्यांनी कुठे उभं राहायचं ते योसेफाकडून शिकावं.

विवेकासाठी नाव गेलं तर?

आपल्याच कोकणातलं उदाहरण आहे. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. चित्पावन घर, संस्कृतचा व्यासंग, कवी म्हणून नाव. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आप्तांमध्ये, समाजात मिळवलेलं स्थान गेलं. पुढे त्यांच्या अभंगांनी मराठी ख्रिस्ती मंडळीला स्वतःचा आवाज दिला. आज आम्ही ते गातो तेव्हा त्यांनी काय मोजलं याची आठवण क्वचितच असते.

पण ही गोष्ट मी मुलांना अर्धी सांगत नाही. त्या निर्णयाचं ओझं लक्ष्मीबाईंनीही वाहिलं, आणि निर्णय त्यांचा नव्हता. काही वर्षं नवराबायको वेगळे राहिले. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः, स्वतःच्या विचाराने, बाप्तिस्मा घेतला. विवेकाने वागणाऱ्याने आपलं नाव पणाला लावावं. घरातल्या दुसऱ्या कोणाचं नाव आणि सुख त्यासोबत पणाला लागतं, तेव्हा तेही उघड्या डोळ्यांनी बघावं. येशूने 'माझ्यामुळे लोक तुमची निंदा करतील तेव्हा तुम्ही धन्य' म्हटलं. 'माझ्यामुळे' ही अट त्यात आहे, आणि 'लबाडीने' हीसुद्धा. आपल्या उर्मटपणामुळे झालेली निंदा त्यात बसत नाही.

गजाली करणं पाप आहे का?

संध्याकाळी ओट्यावर बसून गजाली करणं हे कोकणातलं सुख आहे, मी ते कोणाकडून काढून घेणार नाही. पण समोर नसलेल्या माणसाचं नाव निघालं की नववी आज्ञा लागू होते (कॅथलिक मोजणीत आठवी): शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. 'मी फक्त ऐकलं ते सांगितलं' ही पळवाट चालत नाही. तक्रार असेल तर मत्तय १८ प्रमाणे आधी त्या माणसाकडे एकट्याने जा. व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवलेल्या मजकुरालाही हेच लागू.

एकदा गेलेलं नाव परत मिळतं का?

कधी मिळतं. योहान मार्क पंफुल्यात पौलाला सोडून परत गेला. पुढच्या प्रवासाला त्याला घ्यायला पौल तयार होईना, बर्णबाने त्याची बाजू घेतली, आणि दोघा जुन्या सोबत्यांचा इतका वाद झाला की वाटा वेगळ्या झाल्या. कितीतरी वर्षांनी त्याच पौलाच्या नावच्या शेवटच्या पत्रात वाचायला मिळतं की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या काळात मार्काने काय केलं ते फारसं लिहिलेलं नाही. बर्णबा त्याला सोबत घेऊन कुप्राला गेला, एवढं आहे. ज्याचं नाव गेलंय त्याला असा एक तरी बर्णबा लागतो, आणि आपल्यातल्या कोणाला तरी तो व्हावं लागतं.

कधी मिळत नाही. पुण्याच्या त्या गिऱ्हाइकाने दुसरी पेटी पोचल्याचं कळवलं, चिठ्ठीबद्दल आभार मानले, आणि पुन्हा आमच्याकडून आंबा घेतला नाही. वडील गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पेट्या भरायला आता माणसं आहेत. खालचा थर मात्र अजून मी स्वतः लावतो.